जुने घर आणि आपले दोन हात



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून विमानविद्येपर्यंत सारे विषय होऊन जातात. त्या मांदियाळीत कौले, चुना आणि भिंतीची ओल यांवर तासभर बोलण्यासाठी उभे राहणे हे थोडे धाडसच आहे. परंतु चिटणीस विषय विचारायला घरी आले तेव्हा आम्ही शिडीवर होतो, आणि खाली उतरून दुसरा एखादा भारदस्त विषय सुचवावा इतके प्रसंगावधान आम्हाला राहिले नाही. तेव्हा दोष असलाच तर तो अर्धा त्यांचाही आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. घर आम्ही उभयतांनी घेतले, घमेली उभयतांनी वाहिली आणि चुकाही वाटून घेतल्या. दोघांचाही पेशा शिक्षकाचा. निवृत्तीला काही वर्षे उरली असताना साठविलेला पैसा कशात घालावा हा प्रश्न आला. सोने आमच्या स्वभावात नाही, शेअरबाजार आमच्या समजुतीत नाही. राहिले घर. नवे घर परवडेना. म्हणून २०१० साली साताऱ्याच्या जुन्या वस्तीत एका जुन्या वाड्याचा एक भाग आम्ही खरेदी केला. पुढे दोन मजली दर्शनी भाग, मध्ये लहानसा चौक आणि मागे एकमजली दोन खोल्या, एवढी ती मिळकत. दगडी जोते, त्यावर मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती, आत कडीपाट आणि वर मंगलोरी कौले.

हिशेब अगदी सरळ होता. जुने घर स्वस्त मिळते, कारण ते वाईट दिसते. वाईट दिसणे हातांनी दूर करता येते. मजुरी वाचली म्हणजे तेवढा नफा झाला. शाळेत नफा-तोट्याची उदाहरणे आम्ही इतकी वर्षे शिकविली होती, त्यामुळे या उदाहरणात काही राहून गेले असेल अशी शंकासुद्धा आली नाही. वास्तविक राहून गेलेल्या गोष्टी दोन होत्या. एक म्हणजे पाणी. दुसरी म्हणजे मागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आजी.

आधी पाण्याचे सांगतो, कारण जुन्या घराच्या बाबतीत ज्याला पाणी कळले त्याला बहुतेक सारे कळले. घर दोन बाजूंनी पाणी पिते; वरून पावसाचे आणि खालून जमिनीचे. मातीच्या भिंतीला दोन्ही जाचक. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांतील किती वाडे बसले हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. तो प्रलय होता, काही तासांत आटोपला. परंतु तोंड बुजलेली पन्हळ आणि चारदोन फुटलेली कौले हेच काम वीस वर्षांत बिनबोभाट करतात. म्हणून काम वरून खाली करीत यावे हा पहिला नियम. आधी छप्पर, मग पन्हळी, मग पाण्याचा निचरा, मग भिंती आणि सर्वांत शेवटी रंग. आम्ही नेमका उलटा क्रम धरला. दर्शनी खोली भाड्याने चटकन जावी म्हणून तिच्या भिंतींना प्रथम हात घातला.

त्या खोलीच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा लागलेला होता. बोट लावले की गिलावा पिठासारखा गळे. आम्ही तो खरवडला आणि त्यावर सिमेंटचा चांगला घट्ट गिलावा चढविला. ओळंबा लावून, पाणसळ धरून, रविवारच्या रविवारी. काम असे देखणे झाले की, आल्यागेल्याला आम्ही ती भिंत दाखवीत असू. दुसरा पावसाळा आला आणि पोपडे छातीपर्यंत आले. गुडघ्याची ओल छातीशी गेली!

ज्या गवंड्याला आम्ही मजुरी वाचविण्यासाठी बोलावले नव्हते, त्यालाच मग बोलवावे लागले. सत्तरीचा माणूस. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केले, बद्द आवाज ऐकला आणि म्हणाला, "मास्तर, भिंतीला बी घाम येतोय. तिला सुती सदरा घालायचा, तर तुम्ही मेणकापड गुंडाळलंय." यात सारे शास्त्र आले. मातीची भिंत जमिनीतून ओल ओढून घेते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडून सुकते. सिमेंट तिची वाट अडविते, मग ती वाट मिळेपर्यंत वर चढते आणि बरोबर क्षारही नेते. सिमेंट वाईट आहे असे नव्हे. सिमेंटच्या घरात ते उत्तमच आहे. येथे ते परक्या घरी येऊन बसले होते.

तेव्हा आम्ही चुना शिकलो. पूर्वी चुना घाणीत मळीत. बैल दगडी चाक फिरवी, आणि त्यात गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर असे काहीबाही पडे. घाणी आम्हाला कुठून मिळणार? आम्ही कळीचा चुना पिंपात विरवला आणि दिवसेंदिवस मुरू दिला. येथे एक गोष्ट जपून ऐकावी. कळीचा चुना पाण्यात थोडा थोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. पाणी लागताच तो उकळू लागतो आणि उडतो. हे आम्ही वाचले होते. तरी एकदा घाई झाली आणि शिंतोडा आमच्यापैकी एकाच्या डोळ्यात गेला. पाव तास डोळा नळाखाली धरून, मग डॉक्टरांकडे धावलो. डोळा वाचला. आठ दिवस पट्टी होती, आणि त्या आठ दिवसांत मजुरी किती वाचली याचा हिशेब घरात कोणी काढला नाही.

अशीच दुसरी चूक जुन्या तैलरंगाची. दारे-खिडक्यांवरील थर आम्ही कोरड्या कागदाने घासले, खोलीभर धूळ उडविली आणि त्याच खोलीत बसून डबा खाल्ला. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव फार. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम आपल्याकडे लागू झाला तो १ नोव्हेंबर २०१७ पासून. म्हणजे त्याआधीच्या थरांविषयी खात्री बाळगू नये. रंग खरवडायचा तर ओला करून खरवडावा, तोंडाला योग्य मुखपट्टी असावी आणि लहान मुले घरात नसावीत. विजेच्या तारांना तर आम्ही हातच लावला नाही. ते परवानाधारकाचे काम आहे, आणि त्याच्याकडून जमिनीत नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारे संरक्षक बटण बसवून घेणे हा खर्च टाळण्यात शहाणपण नाही. भिंत पाडून खोली मोठी करण्याचा मोहही असाच आवरावा. वरची तुळई त्या भिंतीवर टेकली आहे की नाही हे आपल्या डोळ्याला कळत नाही. ते जाणकाराला विचारावे.

आता आजींकडे वळतो. हे सांगावे की नाही यावर घरी दोन दिवस चर्चा झाली.

आजी त्या दोन खोल्यांत लग्न होऊन आल्या होत्या. यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, मुलगी कऱ्हाडला दिलेली. भाडे दरमहा ४० रुपये. आपण हसू नये. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा ठाऊक असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. त्या कायद्याने अनेक जागांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधले होते, आणि नंतर दिलेल्या जागांची भाडीही सहसा चढली नाहीत. पुढे महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि दरसाल शेकडा ४ वाढ घेण्याची मुभा मिळाली. आधीच्या मालकांनी ती घेतलीच नाही. घेती तरी आम्ही घर घेईपर्यंत चाळिसाचे साठ झाले नसते. भाडेकरूसह घर म्हणूनच ते आमच्या आवाक्यात आले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, आजी तेथे होत्या म्हणून आम्ही मालक होऊ शकलो. हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

व्यवहार जुळविणाऱ्या गृहस्थांनी निरोप घेताना सहज सांगितले, "मागच्या छपराला हात लावू नका. दोन पावसाळे जाऊ द्या. जागा आपोआप मोकळी होईल." आम्ही कानांवर हात ठेवले. आपण सुशिक्षित माणसे, असले काही करणार नाही, असे एकमेकांना सांगितलेही. परंतु प्रत्यक्षात काय केले? पैसा मोजका आहे, आधी ज्या खोल्या भाडे देतील त्या करू, मागचे छप्पर पुढल्या वर्षी पाहू, असे ठरविले. २०११ चा पावसाळा तसाच गेला. त्या गृहस्थांचा सल्ला आम्ही नाकारला आणि तंतोतंत पाळला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी आम्ही कामाला गेलो तो दाराशी एक घमेले ठेवलेले. त्यात ओल्या गिलाव्याचे मोठमोठे तुकडे, वर एक फुटके कौल. रात्री आजींच्या उशाशी पडले होते. त्या पहाटे पाणी तापवायला उठल्या होत्या म्हणून बचावल्या. त्यांनी खोली झाडली, घमेले भरले आणि आमच्या उंबऱ्याशी आणून ठेवले. आम्ही मागे गेलो तेव्हा त्या फुलवाती करीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, ते तुमचं आहे म्हणून तिकडं ठेवलं."

ओरडल्या असत्या तर आम्हाला बरे वाटले असते.

त्या संध्याकाळी आमच्या एका वकील स्नेह्यांनी कायदा उघडून दाखविला. १९९९ च्या कायद्याचे चौदावे कलम म्हणते की, जागा राहण्याजोगी ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. मात्र वर्षभरात भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक वळता करता येत नाही. आम्ही बसल्या जागी गुणाकार केला. वर्षाचे भाडे ४८० रुपये. त्याचा चौथा हिस्सा १२० रुपये. वर्षाला १२० रुपयांत आजींनी छप्पर दुरुस्त करावे! कायदा त्यांच्या बाजूने होता, आकडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताडपत्री आणली. पावसाची उघडीप पाहून मागचे छप्पर उतरविले. कौलांवर पाय कसा ठेवावा येथून आमचा धडा सुरू झाला. पाय वाशाच्या रेषेवर पडावा, मधल्या पोकळीवर पडला की कौल गेलेच. कौले चांगली होती. मंगलोरला बाझेल मिशनच्या मंडळींनी १८६५ साली असा पहिला कारखाना काढला, तेव्हापासून या कौलाची एकमेकांत अडकणारी खाच फारशी बदललेली नाही. त्यामुळे जुन्यात नवे बेमालूम बसते. रीपा मात्र वाळवीने पोखरल्या होत्या, आणि एका वाशाचे भिंतीत शिरणारे टोक पेचकसाने टोचले तो पेचकस मुठीपर्यंत आत गेला. लाकूड नेहमी तेथेच आधी जाते, भिंतीच्या पोटात, जिथे ओल असते आणि नजर नसते.

आजी चौकात पाट टाकून बसत आणि वर पाहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून तोंड उघडले. "कौलं बदलाल, पण त्या कोपऱ्यातली पन्हळ चौकात ओतते, आणि चौकातलं पाणी जायला आता जागाच नाही. पूर्वी फरशीखाली दगडी गटार होतं. मागच्या मालकांनी न्हाणीघर बांधताना बुजवलं. तेव्हापासून तुमच्या पुढच्या खोलीला ओल धरली."

आम्ही शिडीवर होतो तिथेच थबकलो. ज्या भिंतीवर आम्ही एक वर्ष, सिमेंट, चुना आणि एक डोळा जवळजवळ खर्च केला, तिच्या दुखण्याचे कारण मागच्या खोलीत चाळीस रुपये भाड्याने राहत होते आणि आम्ही त्याला विचारले नव्हते. फरशी उखडली. हातभर खाली मातीने गच्च भरलेले दगडी गटार सापडले. चार दिवस माती उपसली. पुढल्या पावसात चौकातले पाणी खळखळत रस्त्याच्या गटारात गेले. दर्शनी भिंत हळूहळू सुकत आली, आणि मग चुन्याचा गिलावा तिच्यावर टिकला. गटार बुजलेलेच राहते तर चुनाही पडला असता. गवंडीबाबाही हे कबूल करतो.

आता ज्यासाठी पुष्कळ मंडळी आली असतील तो पैशाचा हिशेब. ठेकेदाराचा अंदाज ९ लाख २० हजारांचा होता. माल आणि कुशल कारागीर यांवर आमचा खर्च झाला ७ लाख १० हजार. म्हणजे २ लाख १० हजार वाचले. यातून हत्यारांचे ३१ हजार वजा करा. आमच्या हातून नासलेल्या मालाचे, त्यात ती देखणी सिमेंटची भिंत आली, ३८ हजार वजा करा. ठेकेदार सहा महिन्यांत काम देणार होता. आम्हाला सव्वीस महिने लागले. वरचा मजला दरमहा साडेचार हजारांना जाऊ शकत होता, तेव्हा वीस महिन्यांचे ९० हजारही वजा करा. उरले ५१ हजार. वहीत आमच्या दोघांच्या कामाचे दिवस मांडलेले आहेत, ते २३६ भरतात. दिवसाला पडले २१६ रुपये. त्या वर्षी आमच्या कामावरचा बिगारी अडीचशे घेत होता आणि आमच्यापेक्षा दुप्पट घमेली वाहत होता. डोळ्याची पट्टी या हिशेबात धरलेली नाही.

आयकराच्या बाबतीतही हातकामाला मान नाही. भाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी सरसकट शेकडा ३० वजावट मिळते. तुम्ही घर शाकारा की गळू द्या, आकडा तोच. आळशी मालकाला याहून सुखाचा नियम कोणता? घर विकताना मात्र कायमच्या सुधारणेचा खर्च किमतीत धरता येतो. चुनारंगोटी त्यात येत नाही, नवे छप्पर येते, पण त्याची पावती हवी. स्वतःच्या घामाची पावती कोण देणार? २०२४ च्या जुलैत भांडवली नफ्याचे दर आणि रीत बदलली, त्यात येथे शिरत नाही. पावत्या जपून ठेवा, हा सल्ला कोणत्याही रीतीत खोटा ठरत नाही.

मग हातकाम करूच नये काय? असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ साली दुसऱ्या एका घराची विक्री निघाली. नुकताच रंग दिलेले, आत प्लायवुडचे नवे छत, बघताच मन प्रसन्न व्हावे असे. आम्ही आत गेलो आणि नकळत दोघांनीही भिंतीवर बोटाचे पेर आपटले. कमरेपर्यंतचा गिलावा नवा आणि सिमेंटचा, वरचा जुना. म्हणजे खाली काय लपविले आहे ते कळले. छताची एक फळी सरकवून तुळईचे टोक पाहू द्या म्हणालो, तर मालक म्हणाले की ते शक्य नाही. अर्ध्या तासात आम्ही बाहेर पडलो. त्याच आळीत पुढे एक काळवंडलेले, रंग उडालेले घर होते. त्याचे छप्पर सरळ रेषेत होते, पन्हळी वाहत्या होत्या आणि जोते कोरडे ठणठणीत. ते आम्ही घेतले, आणि त्याला आजतागायत फक्त रंग आणि दोन खिडक्या लागल्या आहेत. २३६ दिवसांची खरी मजुरी आम्हाला त्या अर्ध्या तासात मिळाली. पहिल्या घरी आम्ही नुसते पैसे मोजून काम करून घेतले असते, तर बोटाचे पेर आपटायला आम्हाला कोण शिकवणार होते?

मात्र दुसरे घर घेण्यापूर्वी आम्ही आणखी एक गोष्ट केली. शेजारच्या घरातील सर्वांत वृद्ध बाईंना जाऊन विचारले की, पावसात या घराचे पाणी कुठून जाते.

आजी २०१८ साली गेल्या. भाडे अखेरपर्यंत चाळीस रुपयेच होते. वाढ मागण्याचे तोंड आम्हाला उरले नव्हते. कन्या कऱ्हाडहून आल्या, सामान नेले आणि किल्ली आमच्या हाती दिली. महिन्याभरात त्या व्यवहारवाल्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. जागा मोकळी झाली ना, म्हणून त्यांनी अभिनंदन केले. आम्हाला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही, आणि आम्ही फोन ठेवला. त्या खोल्यांत आता एक तरुण जोडपे राहते. करार लेखी आहे आणि नोंदलेला आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची असते, तीही पुष्कळांना ठाऊक नसते. दर वर्षी मे महिन्यात आम्ही मागचे छप्पर शाकारतो. आमच्यापैकी एकाला आता शिडी चढवत नाही, तेव्हा एक जण वर जातो आणि एक चौकात पाट टाकून बसून वर पाहतो.